मेहलचं जेवण

कापणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतावर जमणाऱ्या माणसांना आम्ही मेहल म्हणतो. आमचे मास्तर सांगायचे, शब्द हजार वर्षांहून जुना आहे. त्याचा मूळ अर्थ कापणाऱ्यांची टोळी, आणि तो स्त्रीलिंगी आहे. त्यावर माझी बायको गोबनेट म्हणायची, "म्हणूनच बोलावणं मला करावं लागतं." घरोघरी तीच जायची.

एप्रिलमध्ये ती वारली. जुलैत गवत कापून पडलं होतं आणि समुद्राकडून ढग येत होते. ते भिजलं असतं तर हिवाळ्याआधी पाचही गाई विकाव्या लागल्या असत्या. तीन दिवस मी लोकांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. चौथ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या नोराला कसंबसं सांगितलं.

चौदा माणसं आली. दुपारी सगळ्यांनी दाताळी खाली ठेवली आणि सगळी सवयीने माझ्या घराकडे निघाली. तेव्हा मला आठवलं, मी चूलसुद्धा पेटवली नव्हती. मेहलला उपाशी ठेवणाऱ्या घरी पुन्हा कोणी येत नाही.

मी दारातच उभा राहिलो. "काही केलेलं नाही," म्हणालो.

"बटाटेसुद्धा नाहीत?" नोराने विचारलं.

"आहेत. कच्चे."

"मग काय, गाईंसारखे कच्चेच खायचे? सर बाजूला. गोबनेटचं मोठं पातेलं कुठंय?"

मला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं मी त्यातलंच जेवत होतो. सगळे बघत होते आणि मी एकामागून एक कपाटं उघडत होतो.