समोरची ट्यूब

मी समोरची ट्यूब बोलतेय. गोड बोलायला मला जमत नाही, आणि कॉलेजात शिकणाऱ्यांशी तर अजिबातच नाही.

मी जाड काचेची, बोटभर लांब, खाली निमुळती. कारखान्यातून निघाले तेव्हा एका खोक्यात आम्ही बारा बहिणी होतो. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आल्यावर अकरा जणींच्या पोटात रक्त, दूध, अंड्याचा पांढरा बलक असं काही ना काही मोलाचं पडलं. माझ्या काचेत एक बुडबुडा राहून गेला होता. त्यामुळे मी जरा कुरूप दिसते. म्हणून माझ्या वाट्याला पाणी आलं. साधं, नळाचं.

इथे सेंट्रिफ्यूज नावाचं एक यंत्र आहे. त्यात ट्यूब ठेवून गरगर फिरवली की जड असेल ते तळाशी बसतं. पण एका बाजूला ट्यूब ठेवली, तर बरोबर तिच्या समोर तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवावी लागते. नाहीतर यंत्र थडथडायला लागतं. ती दुसरी म्हणजे मी. तिच्याइतक्याच चकरा मीही खाते. नंतर तिला दोन बोटांत अलगद उचलतात आणि मला बेसिनमध्ये उपडी करतात.

तिथून मी या मुलांना पाहत आले आहे. आधी उत्तर ठरवतात, मग प्रयोग करतात. आलेख सरळ येत नसेल तर ठिपका पुसून रेषेवर आणून बसवतात. आणि तीन वर्षांनी यांना पदवी मिळते.

माणूस म्हणावा असा तिथे एकच होता. मामा. नात्याने कोणाचेच नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. काचेची भांडी धुणं हे त्यांचं काम. रोज सकाळी एकेक ट्यूब धुऊन ते खिडकीशी जात आणि उजेडात धरून गोल फिरवत बघत. तडा दिसला तर ती बाजूला. माझा बुडबुडा त्यांना पाठ होता. "तू ठीक आहेस," म्हणायचे आणि मला जागेवर ठेवायचे.

आता त्या मुलीविषयी. तिला सगळे टॉपर म्हणत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला आणि तिच्या जोडीदाराला, लंबूला, बटाट्यातलं एक एन्झाइम वेगळं काढायचं होतं. कापलेला बटाटा ज्यामुळे काळा पडतो ना, ते. तीन आठवडे दोघं बटाटे किसत होती. शेवटी त्या रसात अमोनियम सल्फेट नावाचं मीठ घातलं, ढवळलं आणि रस माझ्या बहिणीच्या पोटात ओतला.

यंत्राच्या वर आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलं आहे: 'समोरासमोरच्या ट्यूबा वजन करूनच लावाव्यात. हलगर्जीपणा केल्यास प्रकल्पाला शून्य.'

टॉपरने माझ्यात पाणी ओतलं आणि दोघींना शेजारी धरून पातळी पाहिली.

"वजन करूया ना," लंबू म्हणाला. "तो वरचा कागद माझ्याकडेच डोळे वटारून बघतोय."

"काट्यापाशी रांग आहे. इकडे रसाखालचा बर्फ वितळतोय. पातळी सारखी आहे ना? झालं तर मग."

पातळी सारखी होती. पण रसात ओंजळभर मीठ विरघळलेलं, आणि माझ्यात नुसतं पाणी. वजन सारखं कसं असेल? अहो, हे तिने पहिल्या वर्षी परीक्षेत लिहिलं होतं.

यंत्र सुरू झालं. आधी घरघर, मग थडथड. टेबलावरून ते स्वतःच सरकायला लागलं. मी जिवाच्या आकांताने फिरत होते आणि समोरची मला ओढत होती. मामा ओल्या हातांनीच धावत आले आणि त्यांनी बटण बंद केलं. झाकण उघडलं तेव्हा माझ्या बहिणीच्या ठिकऱ्या झाल्या होत्या आणि पांढरा गाळ सगळीकडे उडाला होता. मला ओरखडाही नव्हता. माझ्यातलं पाणी तसंच होतं.

मामा मॅडमना बोलवायला गेले. मला काट्यावर ठेवलं असतं तर वजन जुळवलेलंच नव्हतं हे मॅडमना कळलं असतं. टॉपरलाही ते कळलं. तिने मला उचललं, बेसिनपाशी नेलं आणि उपडी केलं.

"हे काय करतेस?" लंबू म्हणाला. "सांगून टाकू ना. फार तर ओरडतील."

"शून्य देतील! तुझं काय जातंय? तुला कुठे पुढे शिकायचंय?"

लंबू गप्प झाला. त्या गप्प बसण्याबद्दल मी त्यालाही माफ केलेलं नाही.

मॅडम आल्या. टॉपर खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, ट्यूबला आधीच तडा असणार."

"सकाळीच उजेडात बघून ठेवल्यात सगळ्या," मामा म्हणाले. "एकही तडकलेली नव्हती."

"मामा," मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वय झालं आता. नजर कमी झाली असेल. तुमचा काही दोष नाही."

मामा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना तळघरातल्या भांडारात बसवलं. तिथे काच नाही आणि खिडकीही नाही.

टॉपरला दोन आठवडे वाढवून मिळाले. या वेळी तिने मला काट्यावर ठेवलं, थेंब थेंब पाणी घातलं, आकडा जुळवला. एन्झाइम मिळालं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "समोरची ट्यूब कशी लावतात?"

"वजन करून, सर," ती म्हणाली. "नुसती पातळी बघून चालत नाही. मीठ असेल तर घनता बदलते."

"शाब्बास! हे पुष्कळांना माहीत नसतं."

निकालानंतर ती मॅडमची सही घ्यायला आली होती. तेवढ्यात मामा भांडारातून एक खोकं घेऊन वर आले. त्यांच्या डोळ्यांवर नवा कोरा चष्मा होता. खोकं ठेवून ते सवयीने माझ्याकडे आले, मला उचलून खिडकीशी नेलं आणि उजेडात गोल फिरवलं.

"किती स्वच्छ दिसतंय," ते टॉपरकडे वळून म्हणाले. "चष्मा तेव्हाच घ्यायला हवा होता बघ, बाळा. माझ्यामुळे तुझी तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली."

तिने तोंड उघडलं. मला क्षणभर वाटलं, आता बोलेल.

"छान दिसतो तुम्हाला चष्मा, मामा," ती म्हणाली आणि सही घेऊन निघून गेली.

मामा तळघरात गेले. मी इथे स्टँडवर आहे. आता आम्हाला उजेडात कोणी बघत नाही.

जा बाई, जा. मोठ्या कॉलेजात जा, मोठी पदवी घे. पण जिथे जाशील तिथे हे यंत्र असेल. दरवेळी झाकण उघडशील, तेव्हा तुझ्या ट्यूबच्या बरोबर समोर माझी कोणीतरी बहीण बसलेली असेल.