रिकामी दीड मात्रा

"तेजश्रीबाई, हे दौंडात कुणाला पटायचं न्हाई, तुम्ही तर पुण्याच्या!" बँडमास्तर हौसरावांनी मिशीवरून हात फिरवला. "ही चाल मला मालगाडीनं दिली. बावन्न डबे व्हते. मोजून."

कोपऱ्यात शिलाई मशीन खडखडत होतं. मेहरुन बँडच्या कोटांना सोनेरी फीत लावत होती.

तेजश्री मूळची इथल्याच रेल्वे कॉलनीतली. खिडकीतून वराती ऐकत वाढलेली ही पोर आता पुण्यात बारा व्हायोलिनांसाठी नवं संगीत रचत होती. राग शिकली, परदेशी स्वरलिपी शिकली. पण कोरा कागद पुढं ओढला, की हातातून उतरायची ती हौसरावांच्या बँडची पाठवणीची चाल. पुढच्या महिन्यात कार्यक्रम होता. पत्रिकेत तिच्या नावाखाली मूळ चाल बांधणाऱ्याचं नाव छापायचं होतं. आता बघा, लग्नपत्रिकेत आत्याबाईपासून चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत सगळ्यांची नावं असतात. बँडवाल्याचं कधी वाचलंय? चाळीस वर्षं लोकांच्या दारात घाम गाळलेल्या हौसरावांना ते छापील नाव हवं होतं. मरायच्या आत.

"मंग इनामगावात वाजवली," ते रंगात आले. "तिथं हजारो वर्षांच्या जुन्या वस्तीच्या उकरणीत सांगाडा निघालावता. पायानं ठेका धरला की त्यानं!"

"तिथल्या सांगाड्यांना पावलंच नसतात, मास्तर. तोडून पुरायचे."

"म्हणून तर मान हालवली!" हौसराव अडणाऱ्यातले नव्हते.

मशीन थांबलं. "आन् भीमा न्हाई का उलटी व्हायली?" मेहरुननं विचारलं.

"तुम्ही फीत लावा, भाभी. मागल्या कोटाला वाकडी लागलीय."

"फीत सरळ हाय. आतलं माणूस वाकडं हाय."

 मेहरुनचा नवरा, लेक मेहकचा बाप बद्रुद्दीन या बँडात बावीस वर्षं क्लॅरनेट वाजवत होता. चाल त्याचीच, हे हौसरावांना पक्कं ठाऊक होतं. पण बद्रुद्दीन मातीआड होऊन सात वर्षं झालेली, आणि मेलेला माणूस कार्यक्रमाला थोडाच येतो? तो मरायच्या आधी, राहू गावच्या एका लग्नात, सूर तुटतो म्हणून हौसरावांनी त्याला भर वरातीत बँडातून काढलं होतं, अंगावरचा कोट उतरवून दुसऱ्याला चढवला होता. तरी मेहरुन इथंच शिवायची, कारण दुसरीकडं काम नव्हतं. आणि हौसराव तिलाच काम द्यायचे, कारण तिच्यासारखी फीत लावणारं तालुक्यात कुणी नव्हतं. सात वर्षांत दोघांनी एकमेकांना पाणी विचारलं नव्हतं.

तेजश्रीनं टेपचं बटण दाबलं. बारा व्हायोलिनं चढत गेली, तिसऱ्या ओळीत अचानक गप्प झाली, आणि मग पुन्हा उठली.

"ही दीड मात्रेची रिकामी जागा," ती म्हणाली, "कुठल्याच तालात बसत नाही. माझे वादक भांडतात यावरून. काढून टाकली, तर चालच मरते. का सोडलीत?"

 बँडात कागद नसतो. पुढचा जसं वाजवील तसं मागचे उचलतात, खोडीसकट. ती जागा सगळे सोडत आले, म्हणून हौसरावांनीही सोडली. का, हे त्यांनी बद्रुद्दीनला कधी विचारलंच नव्हतं.

पण जीभ कुठली गप्प बसायला?

"सिग्नल!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "गाडी सिग्नलला थांबायची ना, तेवढीच ती जागा. घड्याळ लावून मापलीय म्या. छापा, बिनधास्त छापा!"

तेजश्री वहीत लिहू लागली. मेहरुन उठली. मांडीवरचा कोट तिनं हौसरावांच्या पुढ्यात टाकला.

"लिहू नका, बाई. खोटं बोलतंय हे माणूस," ती म्हणाली. "तिथं सिग्नल न्हाई. तिथं मेहकच्या अब्बाला धाप लागायची."