मेलाचा आवाज

नेरीना फाल्झेत्तीने उभ्या आयुष्यात राण्या, नन्स आणि एका कार्टूनमधल्या बदकिणीला आवाज दिला होता. पण पन्नाशी उलटल्यावर चांगली कामं आटली. १९७८च्या हिवाळ्यात ती रोममधल्या एका तळघरातल्या स्टुडिओत 'तसल्या' सिनेमांचं डबिंग करू लागली. हे सिनेमे मुकेच चित्रित होत. बाईचं बोलणं, हसणं, सुस्कारे, सगळं मागाहून चढवायचं. घरी ती विचारणाऱ्याला सांगे, "माहितीपट आहेत, प्राण्यांवरचे."

त्या सोमवारी सकाळी पडद्यावर एक नवी मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची, रुंद कपाळाची. फिल्मचा तुकडा पुन्हापुन्हा फिरत होता आणि नेरीना माइकसमोर कागद धरून तिच्या ओठांकडे बघत होती. पहिलंच वाक्य साधं होतं, "ये ना, आत ये." नेरीनाने ते म्हटलं मात्र, काचेपलीकडून दिग्दर्शक ग्वेरीनो खेकसला.

"अगं बाई, हे काय कालाब्रियाच्या खेड्यातलं बोलतेयस? बकऱ्या हाकायच्यात का?"

नेरीना सात पिढ्यांची रोमकर. दूर दक्षिणेतल्या कालाब्रियात तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ती पाणी प्यायली, तिने घसा साफ केला, पुन्हा म्हटलं. पुन्हा तोच आवाज, जाडसर, किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी हेल काढणारा. ओठांवर मात्र तो चपखल बसत होता. तीस वर्षांत इतकं जुळलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"कोण रे ही मुलगी?" तिने विचारलं.

"मेला नाव तिचं. गेली बिचारी, महिना झाला. भाड्याच्या खोलीत गॅसची शेगडी चालू ठेवून झोपली, ती उठलीच नाही." ग्वेरीनोने कागद उलटला. "चल, पुढचं घे."

तीन दिवस तसंच चाललं. माइकपासून लांब गेलं की नेरीनाचा आवाज तिचा असे. अंधारात त्या चेहऱ्यासमोर उभी राहिली की दुसराच.

गुरुवारी दार कुणीतरी उघडं ठेवलं होतं. तुकडा संपला, दिवे लागले, तर दारात काळ्या कपड्यांतली एक बाई उभी. हातात दोरीने बांधलेली सुटकेस. मुलीचं सामान न्यायला ती कालाब्रियाहून वरच्या ऑफिसात आली होती, आवाज ऐकून जिना उतरून खाली आली होती. पडद्याकडे तिने पाहिलंच नाही. ती नेरीनाकडे बघत होती.

"माझ्या मेलाचा आवाज तुमच्याकडे कसा?"

ग्वेरीनो गडबडीने बाहेर आला. "सिन्योरा, तुम्ही वर बसा, इथे कामं चाललीत..."

"तू गप रे." मग नेरीनाला, हळूच, "बाई, मी साव्हेरिया. तिची आई. तुम्ही ओळखत होतात तिला?"

"नाही हो. कधी ऐकलंही नाही."

साव्हेरियाने सुटकेस खाली ठेवली. "ती काय काम करते ते मला कळलं, त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मी वाट्टेल ते बोलले आणि फोन आपटला. सकाळी पोलिसांचा निरोप. मी फोन ठेवल्यावर ती काय म्हणाली? तेवढंच विचारा तिला."

"अहो, मी कशी विचारणार?" असं नेरीना म्हणणार होती. तोंड तिने त्यासाठीच उघडलं. बाहेर पडलं ते असं:

"आई? ऐकतेयस का गं? बरं... उद्या करते परत. आज फार गारठलेय. शेगडी लावूनच निजते."

साव्हेरिया भिंतीला टेकली.

"उद्या करणार होती," ती पुटपुटली. "म्हणजे मुद्दाम नाही. मुद्दाम नाही गेली ती."

तिने नेरीनाच्या गळ्यावर, अगदी कंठावर, आपला खरखरीत तळवा क्षणभर ठेवला. मग सुटकेस उचलून जिना चढून गेली.

त्यानंतर नेरीनाच्या तोंडून निव्वळ नेरीनाच बोलू लागली. उरलेले तुकडे ओठांवर बसेनात. तिने माइक सोडला आणि ती ग्वेरीनोला म्हणाली, "तीन दिवसांची टेप दे मला. तिच्या आईला पाठवते."

"आधी ऐकू तरी," म्हणून ग्वेरीनोने टेप लावली.

टेपवर शुद्ध रोमन बोलीतली, मुरलेली डबिंगवाली नेरीना होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळीकडे तीच. हेल नाही, घोगरेपणा नाही. ग्वेरीनोने तीनदा मागे नेऊन लावून पाहिली.

"मग मी तुला ओरडत का होतो?" त्याने विचारलं.

नेरीनाने कोट चढवला. साव्हेरियाला पाठवण्याजोगं त्या टेपवर काही नव्हतं. सिनेमा पुढे दुसऱ्याच कुणाच्या आवाजात लागला. नेरीना तो बघायला गेली नाही, आणि त्या तळघराची पायरीही पुन्हा उतरली नाही.