कानाने निवडलेला हेडर

मी एक एक्झॉस्ट हेडर. इंजिनातला धूर बाहेर नेणारे चार आखूड, जाड नळ पुढे जाऊन एकात मिळतात, तो मी. अंगावर निळसर झाक, कुठे ओरखडा नाही. सध्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात भिंतीवर टांगलेला आहे. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून "वा" म्हणतो. मला त्यांची कीव येते.

मला जोडणाऱ्या वेल्डरबाईंनी शेवटचा टाका मारला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाल्या, "तू लांब, सरळ रस्त्याचा गडी. इंजिन भरधाव फिरायला लागलं, वरच्या आरपीएमला गेलं की तुझा दम दिसतो. खाली तू कामाचा नाहीस." स्वतःची लायकी मला जन्मापासून ठाऊक आहे. माणसांना त्यांची नसते, तरी ती खरेदीला निघतात.

मला निवडलं ते या दुकानाच्या मालकाने, दादाने. त्याच्या धाकट्या बहिणीची घाटातली शर्यत तोंडावर आली होती. चढ उभा, वळणं एकोणीस. ठरलेल्या वेळेत वर पोचली तर टीममध्ये जागा, नाहीतर पुढच्या वर्षी वय उलटलेलं. आणि हा शहाणा काय करत होता? मोबाइल कानाला लावून एकामागून एक तेरा हेडरांचे आवाज ऐकत होता, डोळे मिटून, मान डोलवत.

"दादा, सगळी वळणंच आहेत," धाकटी म्हणाली. "वळणातून बाहेर पडताना खालून जोर हवा मला."

"अगं, याचा आवाज ऐक. छातीत घुमतो."

"मी आवाजावर बसून वर जाऊ का?"

"तुला त्यातलं नाही कळायचं."

गाडी चालवणार ती, आणि कळत होतं याला. गॅरेजच्या मिस्त्रींनी इंजिनावरचा माझ्या जागचा जुना, काळा, बिडाचा भाग उतरवला आणि मला बसवलं. ते ठेंगणं ध्यान बाकाखाली गेलं. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सरावाच्या दिवशी मी असा गरजलो की झाडावरची पाखरं उडाली. दादाने खाली उभं राहून टाळ्या पिटल्या. प्रत्येक वळणानंतर मात्र गाडी बसकण मारायची. धाकटी पाय दाबून वाट बघायची आणि मी जोर धरेपर्यंत पुढचं वळण यायचं. ठरलेल्या वेळेपेक्षा नऊ सेकंद जास्त लागले. उतरल्यावर तिने हातमोजे बॉनेटवर आपटले.

शर्यतीच्या दिवशी पहाटेच ती आणि मिस्त्री नट खोलायचे पाने घेऊन आले. मला उतरवलं आणि ते काळं ध्यान पुन्हा चढवलं.

"दादाला सांगायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको. आई गेल्यावर मला गाडी शिकवली ती त्यानेच. हौस दांडगी आहे त्याला, अक्कल राहिली मागे."

मला गोणपाटात गुंडाळून मिस्त्रींच्या डिकीत टाकलं. त्यांची गाडी वर, शेवटच्या रेषेपाशीच उभी होती. खालून धाकटीची गाडी यायला लागली, गुरगुरत, एकाही वळणाला न बसता. बाहेर दादा मित्रांना सांगत होता, "ऐका, ऐका. हा आपल्या हेडरचा आवाज." तेरा आवाजांतून मला निवडणारे कान ते. डिकीत पडल्या पडल्या मला हसावं की रडावं कळेना.

ती चार सेकंद राखून पोचली. टीमने तिला घेतलं, टीमची गाडी दिली. "आठवण म्हणून काढून आणलाय," असं सांगून मिस्त्रींनी मला दादाच्या हवाली केलं. त्याने खाली पाटी लावली: विजेता हेडर.

आता गिऱ्हाइकांपुढे तो बहिणीला म्हणतो, "सांग की यांना."

"दादानेच निवडला होता," ती सांगते. तो खूश होऊन चहा सांगायला बाहेर जातो. मग ती गिऱ्हाइकाला हळूच विचारते, "गाडी कुठे चालवणार?"

बहुतेकांनी तोवर कानाला मोबाइल लावलेला असतो. मी सगळ्यांची हेटाळणी करतो, तिची मात्र जमत नाही. बाबांनो, तो मोबाइल खाली ठेवा आणि तिला उत्तर द्या. माझ्या वेळीही तिने हेच सांगितलं होतं, रस्ता वळणांचा आहे म्हणून, आणि ऐकलं फक्त मी.