लाकूडगिरणीचं वळण

"राहू दे गं पोरी, गाडी आहे तशीच दे. चढेल की कशीबशी," सावूकाका शेडच्या दारातूनच म्हणाले.

"कशीबशी चढली तर बाबा स्वप्नात येऊन मला झापतील," ओतिलिया म्हणाली. "बसा तुम्ही."

ती पहाटेपासून उभी होती. चर्चमध्ये न्यायचा उकडलेला गहू, पावांच्या टोपल्या, शेजारणींचे उसासे. आणि आता पंगतीच्या आधी ही बाबांची मोटारसायकल. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावानं दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या कामी आली, तरच ती त्याला पोचते, असं त्यांच्याकडे मानतात. घेणारे सावूकाका उन्हाळाभर मेंढ्यांपाशी, अठराशे मीटरवर राहत. तिथली हवा विरळ. खालच्या हवेचा मोठा जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, तिथं इंजिनाला नको इतकं पेट्रोल पाजतो. मग ते गुदमरतं आणि प्लग काजळून काळा होतो. खाण बंद पडून काम गेल्यावर बाबांनी याच शेडमध्ये वीस वर्षं लोकांचे जेट बदलले. त्यांच्यापाशी दिवा धरून उभी राहता राहता ती ते शिकली, आणि मग नोकरीसाठी शहरात निघून गेली.

या कार्ब्युरेटरला शेवटचे हात बाबांचे लागले होते. म्हणून तो उघडायचं तिनं आठवडाभर टाळलं होतं.

तिनं खालची वाटी सोडवली. पेट्रोल चिंधीवर सांडलं. जेट फिरवून काढला आणि उजेडात धरला. वर आकडा होता एकशे पंचाहत्तर. खालच्या हवेचा.

डॉक्टरांनी बाबांची छाती तपासून डोंगर बंद करायला सांगितलं होतं. तरी गेल्या उन्हाळ्यात दर रविवारी त्यांचा फोन यायचा, "आज सावूकडे जाऊन आलो. त्याच्या कुत्र्यांनी निम्मं चीज माझ्याच हातून खाल्लं." ती फोनवर ओरडायची, पण मनातून तिला बरं वाटायचं.

तिनं प्लग काढला. दुधाच्या कॉफीसारखा तपकिरी, कोरडा. या जेटवर गाडी वर गेली असती, तर तो असा राहिला नसता.

"काका, गेल्या उन्हाळ्यात बाबा कितीदा आले वर?"

"दर रविवारी! ताकाचा हंडा रिकामा करायचा लेकाचा."

तिनं प्लग त्यांच्या तळहातावर ठेवला. सावूकाकांनी तो उलटसुलट करून पाहिला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"लाकूडगिरणीच्या वळणापर्यंत यायचा," ते म्हणाले. "पुढच्या विरळ हवेत दम पुरायचा नाही त्याला. मग मीच खाली यायचो."

"चालत?"

"नाही, पालखीतून!" मग आवाज उतरवून म्हणाले, "उतरायला दीड तास. चढायचं विचारू नकोस. कुत्रीही यायची माझ्याबरोबर. पोरीला सांगू नको म्हणाला होता. आता चिडेल माझ्यावर. चिडला असता, तर बरं झालं असतं."

ओतिलिया बाबांच्या जेटच्या डब्याकडे वळली. तिनं त्यातून लहान, एकशे पासष्टचा जेट शोधून बसवला, पेट्रोल आणखी कमी जावं म्हणून सुईची चिमटी एक खाच वर सरकवली, वाटी आवळली. काढलेला जेट डब्यात टाकला. त्याच आकड्याचे तिथं आणखी सात-आठ होते. बाबांचा कोणता, ते क्षणात कळेनासं झालं.

दानाच्या वस्तूला बांधतात तशी हँडलला तिनं टॉवेल आणि मेणबत्ती बांधली. "घ्या काका. बाबांच्या नावानं."

"देव त्याला क्षमा करो," सावूकाका रीतीप्रमाणे म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं.

जेवण उरकल्यावर सावूकाका मोटारसायकलवरून निघाले. ओतिलिया उष्ट्या ताटल्यांची चळत घेऊन अंगणात उभी होती. गाडीचा आवाज चर्चमागून गेला, पुलावरून गेला, झाडीत शिरला.

"आणतेस ना गं ताटल्या?" आतून कोणीतरी हाक मारली.

"आले, आले," ती म्हणाली. पण हलली नाही.

लाकूडगिरणीच्या वळणाशी आवाज थांबला नाही.