हरिणीची मान

उन्हात टाकायला म्हणून तिनं नवऱ्याची गादी उचलली, तेव्हा खालून कागद सरकला. पेन्सिलीनं काढलेली लाकडी फणी. तिच्या माथ्यावर कोरलेली हरिणी बसली होती, मान खाली, कान मागे. दाते अर्धवटच सोडलेले. सगळा जीव हरिणीत ओतलेला.

ती खाटेवर टेकली. नवऱ्याचा जन्म लाकडावर जनावरं कोरण्यात गेला, पण आधी कागदावर काढून पाहायची गरज त्याला कधी पडली नव्हती. आणि आता ही नाजूक वस्तू, कुणा बाईच्या केसांत खोवायची.

दुपारी ताट वाढताना तिनं कागद त्याच्यापुढे ठेवला.

"कुणासाठी घडवताय?"

"मी नाही घडवत."

"मग? तिला नुसता कागदच माळायला देणार?"

"तिला म्हणजे?"

"ते तुम्हीच सांगा. या वयात शोभतं का, तेही सांगा."

तो हसला नाही. लेक घरात नाही ना, हे त्यानं आधी वळून पाहिलं.

"पोरीची उशी खाली पडली होती. उचलली तर अभ्र्यातून काहीतरी टोचलं. ही फणी. पाहून परत ठेवली."

तिच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. मघाचा संशय उठून गेला आणि त्याच्या जागी दुसरा, जास्त जड, येऊन बसला.

"कुणी दिली?"

"खूर बघ. पटाशीच्या एकाच फटक्यात कोरून काढलाय. असं मी एकालाच शिकवलं."

तिला पुढे विचारावं लागलं नाही. उलट बोलला म्हणून ज्याला त्यानं कामावरून हाकललं, तो कारागीर. त्याचा विषयही या घरात निघत नसे.

"म्हणून उतरवून घेतलीत? पोरीला समोर बसवून दाखवायला?"

"खोट शोधत होतो. फणी आठवून रोज काढतो, रोज बघतो."

"सापडली?"

त्यानं कागद जवळ ओढला. मग कानावरची पेन्सिल काढून त्यानं हरिणीच्या मानेवर एक रेघ ओढली. वर, ताठ.

"एकच. फार लाजरी केलीय. आपली पोर कधी कुणापुढे अशी मान खाली घालून बसलीय का?"

तिला हसू आलं. ते तिनं ओठांतच धरलं.

"आणि हे त्याला सांगणार कोण?"

त्यानं भात कालवायला घेतला.

"कागद त्या अभ्र्यात ठेव," तो म्हणाला. "फणीशेजारी."