आउफचा डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. वीस वर्षं माझ्या पोटात साखर होती. झाकण असं घट्ट की मुंगीची काय बिशाद आत शिरायची! "असा डबा आता मिळत नाही हो," असं घरातली आई शेजारणींना सांगायची. ते सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

मग या घरातल्या मुलीने जर्मन शिकायला घेतलं आणि माझी साखर गेली.

मुलगी नर्स आहे. परदेशातल्या एका हॉस्पिटलाने तिला नोकरी देऊ केली, पण भाषेची परीक्षा पास झाली तरच. एकदा ती आपटली होती. आता ही शेवटची संधी होती, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार. घोडं अडलं होतं क्रियापदांपाशी. त्या भाषेत बऱ्याच क्रियापदांचा एकेक जोडीदार शब्द ठरलेला असतो. कुणाचा जोडीदार कोण, याला काही ताळतंत्र नाही. पोरीने चार डबे रिकामे केले, एकेकावर एकेक जोडीदार लिहून चिकटवला आणि क्रियापदांच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या डब्यात टाकल्या. मी झालो 'आउफ'. शेजारचा झाला 'आन'.

आउफ म्हणजे 'वर'. टेबलावर, कपाटावर, इथपर्यंत ठीक. पण उत्तर द्यायचं ते पत्राच्या वर, आशा धरायची ती पावसाच्या वर! का? तर तसंच असतं! रोज सकाळी ड्युटीला जाण्याआधी ती माझ्यात हात घालून ओरडायची, "होफेन आउफ! आख्टेन आउफ!" मग शेजाऱ्याकडे वळायची, "डेंकेन आन! ग्लाउबेन आन!" दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं विसरलेली. माझ्या तर डोक्याला, म्हणजे झाकणाला, ताप झाला होता. आई मात्र ओट्यापाशी पाठ करून कामात असायची. तिने कधी 'हूं' का 'चूं' केलं नाही.

परीक्षेला चार दिवस उरले असताना आईने फडताळ आवरायला काढलं. दोन डबे अर्धे अर्धे दिसले. कुठल्याही आईने केलं असतं तेच तिने केलं. शेजाऱ्याच्या चिठ्ठ्या माझ्यात ओतल्या आणि त्याला धुऊन पुसून त्यात शेंगदाणे भरले.

संध्याकाळी पोरगी आली, तिने झाकण उघडलं आणि ओरडलीच.

"आई! अगं, काय केलंस हे?"

"अर्धे अर्धे दोन डबे कशाला अडवायचे? एकात मावतंय की."

"महिनाभराची मेहनत पाण्यात घातलीस! आता मी पुन्हा एकेक शोधत बसू? चार दिवसांत?" ती रडायलाच लागली.

आईने शेंगदाणे ताटात ओतले, रिकामा शेजारी माझ्याजवळ ठेवला आणि हात पुसत म्हणाली, "रडू नकोस. वाच एकेक."

"वाचून काय होणार? तुला काय कळतंय त्यातलं?"

"वाच म्हणते ना!"

"डेंकेन," पोरगी नाक ओढत म्हणाली.

"आन."

"आख्टेन."

"आउफ. पुढे?"

सत्तेचाळीस चिठ्ठ्या होत्या. पुस्तकाशी ताडून पाहिलं, तर आईच्या त्रेचाळीस बरोबर! पोरगी डोळे पुसत बघतच राहिली. "अर्थ येतात तुला?"

"अर्थ तुझे तुझ्यापाशी. माझ्या कानावर पडलं तेवढं राहिलं."

पुढचे तीन दिवस आईनेच तिला घोकवलं. पोरगी पास झाली आणि गेली. जाताना चिठ्ठ्या तशाच राहिल्या.

परवा आईने माझ्यातली एक चिठ्ठी काढली आणि फोनवर एकेक अक्षर सांगितलं. पोरगी म्हणाली, "ते होय, वार्टेन."

"आउफच ना? म्हणजे काय गं?"

पोरगी हळूच म्हणाली, "वाट बघणं."

"बरं," आई म्हणाली आणि तिने चिठ्ठी परत माझ्यात टाकली.

मित्रांनो, दुसऱ्याचे डबे विचारल्याशिवाय एकत्र करू नका, हे तर सांगतोच. पण खरी विनंती दुसरीच आहे. लांब गेला असाल, तर ठरल्या वेळी फोन करत जा रे! सात वाजून गेले आणि फोन आला नाही की ही बाई ओट्यापाशी येते, माझं झाकण उघडते, लावते, पुन्हा उघडते. मला ते बघवत नाही.